जुनाट खोकला आणि थकलेला श्वास

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या व्याख्यानमालेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



या व्याख्यानमालेंत आपल्या धर्मग्रामाचा इतिहास, येथील शाळा आणि येथील पतपेढी यांविषयीं अधिकारी वक्त्यांनीं आपणांस पुष्कळ सांगितलें आहे. माझ्या वांट्याला जेव्हां एक दिवस आला, तेव्हां मीं खोकल्यावर बोलण्याचें ठरविलें. हें ऐकून महोत्सव समितीच्या मंडळीस थोडें नवल वाटलें. मी वैद्य नाहीं. परंतु निरनिराळ्या गांवीं मिळून गेलीं २५ वर्षें मी पहांटेच्या मिस्सेला लोकांसमोर उभा राहत आलों आहें. आणि जो खोकला वैद्याच्या कानीं वर्षांतून एकदां पडतो, तो माझ्या कानीं रोज पडतो.

दर वर्षीं फेब्रुवारीच्या ३ तारखेस, संत ब्लेझच्या सणाला, दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून मी तुमच्या गळ्यांना आशीर्वाद देतों. त्या रांगेंत वर्षानुवर्षें तींच माणसें आणि तोच खोकला. विचारलें तर उत्तरही तेंच: "थंडीचा आहे, फादर. जाईल." थंडी जाते; खोकला राहतो. मग उत्तर बदलतें: "वय झालें, फादर."

परंतु हा विषय घेण्याचें खरें कारण निराळें आहे, आणि तें सांगतांना मला माझी एक चूक कबूल करावी लागेल. कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या एका वाडींतील वृद्ध बाई मिस्सेला येईनाशी झाली. प्रथम ती आठवड्यांतून दोनदां चुकली, मग फक्त रविवारीं दिसूं लागली, मग तेंही बंद झालें. तिच्या दारावरून जातांना मीं तिला जरा कठोर शब्दांतच विचारलें, "देवाला विसरलांत काय?" ती खाटेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढें वांकून बसली होती. तिनें लागलीच उत्तर दिलें नाहीं. दोनतीन श्वास घेतले, मग दोन शब्द बोलली, पुन्हां थांबली, पुन्हां बोलली: "फादर, मन येतें. श्वास पुरत नाहीं."

तिच्या घरापासून देऊळ पांच मिनिटांच्या वाटेवर आहे. जें तिच्या छातींत कमी पडत होतें, तें तिच्या भक्तींत कमी आहे असें मी समजलों होतों. त्या दिवसापासून मीं या रोगाविषयीं जें वाचलें आणि जाणत्या डॉक्टरांकडून जें समजून घेतलें, तें आज तुमच्यापुढें मांडतों.

प्रथम निरोगी श्वासाचा विचार करूं. स्वस्थ बसलेला मनुष्य मिनिटाला सुमारें १२ ते १६ वेळां श्वास घेतो; म्हणजे दिवसाकांठीं सुमारें २०,००० वेळां. ही चाकरी निमूटपणें चालते, म्हणूनच तिची आपणांस दखल नसते. घशाखालीं श्वासनळी आहे. तिला छातींत दोन फांटे फुटतात, त्या फांट्यांना आणखी फांटे, आणि असे सुमारें २३ वेळां फांटे फुटून शेवटीं कोट्यवधि सूक्ष्म वायुकोश लागतात. एखादें झाड उलटें टांगावें, बुंधा वर आणि पानें खालीं, तसा हा आकार आहे. या पानांशीं हवेंतील प्राणवायु रक्तांत शिरतो आणि रक्तांतील दूषित वायु बाहेर पडतो.

या नळ्यांना आंतून एक ओलसर अस्तर आहे. त्या अस्तरांतून थोडा चिकट कफ पाझरतो. कफ हा मुळांत शत्रु नव्हे, राखणदार आहे. धूळ आणि जंतु त्याला चिकटून राहतात. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे बारीक रोम आहेत. भाताच्या शेतावरून वारा गेला म्हणजे लोंब्या जशा एका दिशेनें लवतात, तसे हे रोम सेकंदाला दहापंधरा वेळां लवतात आणि तो कफ हळूहळू वर घशाकडे लोटतात. तेथें आपण तो नकळत गिळून टाकतों. असा हा केर रात्रंदिवस काढला जात असतो.

आतां या घरांत धूर येऊं द्या. एक दिवस नव्हे, वीस वर्षें. धुरानें रोम लुळे पडतात आणि पुष्कळसे नाहींसे होतात. उलट कफ तयार करणाऱ्या ग्रंथि मोठ्या होतात आणि कफ अधिक व घट्ट येऊं लागतो. झाडू गेला आणि केर वाढला, अशी ही स्थिति होय. मग शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो खोकला. रात्रभर सांचलेला कफ सकाळीं उठल्यावर खोकून काढावा लागतो. ज्याला आपण "विडीवाल्याचा खोकला" म्हणून हंसण्यावारी नेतों, ती या रोगाची पहिली सूचना असते.

याच रोगास जुनाट श्वासनलिकादाह किंवा क्रॉनिक ब्राँकायटिस म्हणतात. त्याची वैद्यांनीं ठरविलेली खूण तुम्हांस सहज लक्षांत ठेवतां येईल. वर्षांतून निदान तीन महिने, बहुतेक दिवशीं, कफासह खोकला येतो, आणि असें सलग दोन वर्षें घडतें. व त्या खोकल्यास दुसरें कारण सांपडत नाहीं, तर तो हा रोग समजावा. सर्दीपडशानंतर येणारा आणि दोनतीन आठवड्यांत जाणारा खोकला तो हा नव्हे. दमाही निराळा, तो पुष्कळदां लहानपणींच सुरू होतो आणि येतो तसा जातो. क्षय तर अगदींच निराळा, परंतु खोकल्यावरून तो ओळखतां येत नाहीं. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला कीं प्रथम थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत ती मोफत होते. यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं.

खोकल्याच्या मागून पुष्कळांस धाप लागूं लागते. तिचें कारण असें कीं, अस्तर सुजतें, नळीची भिंत जाड होते आणि आंतली वाट अरुंद होते. नळीचा व्यास निम्मा झाला, तर तींतून हवा जाण्यास होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सुमारें सोळापट होतो. लोकांचा समज असा कीं, अशा रोग्यास श्वास आंत घेतां येत नाहीं. वस्तुतः मोठी अडचण तो बाहेर सोडण्याची असते. श्वास सोडतांना बारीक नळ्या आणखी आवळतात, हवा आंतच अडकते, आणि ती पुरती बाहेर जाण्यापूर्वींच पुढचा श्वास घेण्याची वेळ येते. घडा आधींच भरलेला असेल तर नवें पाणी मावणार कोठें? म्हणून असा मनुष्य हात टेकून, खांदे उचलून बसतो. स्नान करणें, बुटाची नाडी बांधणें, जेवतां जेवतां बोलणें, हीं कामें त्याला डोंगर चढण्यासारखीं होतात. रोग फार वाढला म्हणजे रक्तांतील प्राणवायु कमी होतो, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण पडतो आणि पायांना सूज येते.

हें ज्ञान जगाला एका दिवसांत झालेलें नाहीं. "ब्राँकायटिस" हें नांव १८०८ सालीं चार्ल्स बॅडम या इंग्रज वैद्यानें रोगास दिलें. पुढें १८१६ सालीं पॅरिसच्या नेकर हॉस्पिटलांत रेने लॅनेक यांनीं एका तरुण स्त्रीची छाती तपासण्याकरितां कागदाची सुरळी करून तिला कान लावला, आणि त्यांतून आज प्रत्येक डॉक्टरच्या गळ्यांत दिसणारा स्टेथॉस्कोप जन्मास आला. १८१९ सालीं त्यांनीं छातींतील निरनिराळ्या आवाजांचें वर्णन करणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. लॅनेक हे श्रद्धाळू कॅथोलिक होते. दुसऱ्यांच्या छातीला कान लावून ज्यांनीं आयुष्य वेंचलें, ते स्वतः १८२६ सालीं, वयाच्या ४५ व्या वर्षीं, क्षयानें वारले. मला या गृहस्थाचें स्मरण वारंवार होतें, कारण त्यांनीं रोग्याला दोष देण्यापूर्वीं त्याचा श्वास ऐकला. मीं तें केलें नव्हतें.

लॅनेकनीं आवाज ऐकविला. धुराचा अपराध उघडकीस येण्यास आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. १९५२ सालीं, डिसेंबरच्या ५ पासून ९ तारखेपर्यंत, लंडन शहरावर कोळशाच्या धुराचें दाट धुकें बसलें. त्यामुळें मेलेल्यांची संख्या तेव्हांच्या हिशोबानें सुमारें ४,००० होती. पुढील अभ्यासकांनीं ती सुमारें १२,००० पर्यंत नेली. त्यांत छातीच्या जुन्या रोग्यांचा भरणा मोठा होता. त्यानंतर १९५६ सालीं तेथें स्वच्छ हवेचा कायदा झाला.

आपण म्हणाल, लंडनच्या गिरण्यांचा व शेगड्यांचा धूर आमच्या वाडींत कोठून येणार? तर आपल्याच देशांतील गोष्ट ऐका. दिल्लीच्या डॉ. पद्मावती व त्यांचे सहकारी डॉ. पाठक यांनीं, फुप्फुसाच्या जुन्या विकारामुळें हृदय थकलेल्या १२७ रोग्यांचा अभ्यास १९५९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. ज्या स्त्रियांनीं कधीं विडी ओढली नाहीं, त्यांच्या छातीची ही दशा कां व्हावी, या प्रश्नाचा माग त्यांना घरांतील चुलीच्या धुराकडे घेऊन गेला.

मीं ज्या वृद्ध बाईविषयीं सांगितलें, तिनें चाळीस वर्षें बिनखिडकीच्या स्वयंपाकघरांत चूल फुंकली. पावसाळ्यांत ओल्या काटक्या आणि झावळ्या; बाकीच्या दिवसांत लांकडें आणि गोवऱ्या. पाठीला मूल बांधलेलें असे. म्हणजे तो धूर एकटीच्या छातींत गेला नाहीं. तिच्या घरांतील पुरुषांनीं भाकरी गरम खाल्ली. तिची किंमत तिनें श्वासानें भरली. आतां आपल्या बहुतेक घरीं गॅस आला आहे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळें गरीब घरींही पुष्कळ ठिकाणीं पोंचला. तरीही आंघोळीच्या पाण्याला, भाकरीला, सणासुदीच्या स्वयंपाकाला मागच्या पडवींत चूल पेटतेच. पेटवावयाचीच असेल तर ती उघड्यावर पेटवा, लांकूड वाळलेलें घ्या, आणि लहान मुलांस तिच्याजवळ बसवूं नका. बंद खोलींत रात्रभर जळणारी डांसांची वळी आणि अंगणांत जाळलेला केर यांचाही धूर धूरच आहे.

विडीविषयीं काय सांगूं? तींत तमाखू थोडी असते म्हणून ती निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. विडी चटकन् विझते. ती पेटती ठेवण्यास वारंवार आणि जोरानें ओढावी लागते, त्यामुळें धूर अधिक खोल जातो. २०१६ सालीं आपल्या देशांत श्वासमार्ग कायमचे अरुंद झालेले रोगी सुमारें साडेपांच कोटि होते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. या रोगास डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात, जुनाट श्वासनलिकादाह हा त्याचाच एक मोठा भाग आहे.

येथें दुसरी एक हकीकत सांगतों. ज्यांची ती आहे ते येथें बसले आहेत, आणि त्यांच्या परवानगीनें सांगतों. आपल्या बँडांत त्यांनीं तीस वर्षें कॉर्नेट वाजविला. एका वर्षीं त्यांच्या लक्षांत आलें कीं, पूर्वीं एका दमांत निघणारी सुरावट आतां मध्येंच तुटते. त्यांनीं प्रथम वाद्य दुरुस्तीला दिलें! वाद्य परत आलें, पण सुरावट तुटलेलीच राहिली. मग ते डॉक्टरांकडे गेले. तेथें त्यांना एका यंत्रांत जोरानें फुंकावयास सांगितलें. पहिल्या सेकंदांत किती हवा बाहेर पडते आणि एकूण किती पडते, हें तें यंत्र मोजतें. श्वासनळ्या मोकळ्या करणारें औषध देऊनही पहिल्या सेकंदाची हवा एकूण हवेच्या शेंकडा ७० हून कमी असेल, तर नळ्या अरुंद झाल्या असें समजतात. यांची बरीच कमी भरली.

त्यांनीं डॉक्टरांस विचारलें, "विडी सोडली तर गेलेला दम परत येईल काय?" डॉक्टरांनीं खरें तेंच सांगितलें: गेलेलें फारसें परत येत नाहीं, परंतु उरलेलें राखतां येतें. हा नुसता धीर नव्हता. लंडनमधील ७९२ कामकरी पुरुषांची छाती आठ वर्षें वेळोवेळीं तपासून फ्लेचर व पेटो या संशोधकांनीं १९७७ सालीं दाखवून दिलें कीं, वयानुसार प्रत्येकाचा दम थोडाथोडा कमी होतो. धूम्रपानानें ज्यांच्या फुप्फुसांस इजा पोंचते त्यांचा फार झपाट्यानें कमी होतो. आणि अशा मनुष्यानें धूम्रपान सोडलें, तर ती घसरण पुन्हां जवळजवळ निरोगी माणसाइतकी मंद होते. म्हणून "आतां सोडून काय उपयोग?" हा प्रश्न चाळिसाव्या वर्षींही चुकीचा आहे आणि पासष्टाव्या वर्षींही चुकीचा आहे.

या गृहस्थांनीं विडी सोडली. पहिले कांहीं आठवडे खोकला उलट वाढला. असें पुष्कळांचें होतें, आणि "विडी सोडली आणि बाधली" असें म्हणून ते पुन्हां ओढूं लागतात. यांनीं धीर धरला. कॉर्नेट त्यांच्या ओठांशीं पुन्हां आला नाहीं. परंतु महोत्सवाच्या मिरवणुकींत ते सबंध वाट चालले, आणि पुढें जो मुलगा वाजवीत होता, तो त्यांचाच शिष्य होता.

आतां उपायांविषयीं थोडें. पहिला उपाय धूर सोडणें. दुसरे सारे त्याच्या मागून. छातींत ओढावयाच्या औषधाच्या पंपाविषयीं आपल्याकडे भलतीच भीति आहे. "त्याची संवय लागते," "तो शेवटचा उपाय," असें लोक म्हणतात. दोन्ही खोटें. जें औषध गोळीनें साऱ्या अंगांत पसरतें, तें पंपानें थोड्या मात्रेंत नेमकें नळ्यांत पोंचतें. मात्र तो कसा ओढावा हें डॉक्टरांपुढें करून दाखवून शिकून घ्या. इन्फ्लुएंझाची लस दर वर्षीं आणि न्युमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्यानें घ्यावी. रोज जमेल तितकें चालावें. धाप लागते म्हणून बसून राहिलें तर पायांची शक्ति जाते आणि धाप आणखी लवकर लागते. धाप लागली असतां नाकानें श्वास घ्यावा आणि शीळ घालतांना ओठ करतों तसे ओठ करून तो सावकाश सोडावा; त्यामुळें नळ्या उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडते. कफाचा रंग वा प्रमाण बदललें, धाप नेहमींपेक्षां वाढली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस गांठावें. थुंकींतून रक्त आलें, ओठ निळे पडले किंवा रोगी गुंगींत जाऊं लागला, तर क्षणभरही थांबूं नये.

ज्यांच्या रक्तांत प्राणवायु फारच कमी असतो, त्यांस डॉक्टर घरीं नळीनें प्राणवायु देतात. तो दिवसांतून निदान १५ तास घ्यावा लागतो. येथें एक इशारा आवर्जून देतों. प्राणवायूजवळ ज्योत असूं नये. घरच्या वेदीवरची मेणबत्ती असो, उदबत्ती असो, कीं कोणाची विडी असो, ती त्या खोलींत पेटवूं नये. मी स्वतः अशा रोग्यास ख्रिस्तप्रसाद देण्यास जातों, तेव्हां मेणबत्ती पेटवीत नाहीं. तिच्यावांचून प्रभु येण्याचा राहत नाहीं.

शेवटीं आपण सर्वांनीं मिळून करावयाचें तें सांगतों. देवळाच्या बाजूच्या दाराशीं, जेथें पायरी नाहीं आणि वारा येतो, तेथें आजपासून चार खुर्च्या ठेवल्या आहेत. त्या दम लागणाऱ्यांसाठीं आहेत. तेथें तरुणांनीं बसूं नये. धुपाचें पात्र त्या बाजूला नेऊं नये, असें मीं वेदीसेवक मुलांस सांगितलें आहे. मिरवणुकीनें वाटेंत दोनदां थांबावें. आणि कोणी मिस्सेला, सभेला, लग्नाला येईनासा झाला, तर त्याच्या पाठीमागें बोलण्यापूर्वीं त्याच्या दारीं जावें आणि त्याला पुरतें बोलूं द्यावें. त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. श्वास तोकडा असला म्हणजे शब्दांस वेळ लागतो.

ती वृद्ध बाई आतां हयात नाहीं. तिच्या मुलांनीं घरांतील चूल काढली, औषध सुरू झालें, आणि पुढें तीन वर्षें ती मोठ्या सणांना रिक्षांतून येई आणि त्याच दाराशीं बसे. भजनें तिला म्हणतां येत नसत. ती ओठ हालवी. पूर्वीं मी तिच्याकडे पाहून म्हटलें असतें, ही गात कां नाहीं? आतां मला ठाऊक होतें कीं, तेथवर येऊन बसण्यांतच तिनें आपला त्या दिवसाचा सारा श्वास खर्चिला आहे.

 आज व्याख्यान चालू असतां तुमच्यापैकीं ज्यांना खोकला आला, त्यांनीं संकोच मानूं नये. परंतु उद्यां सकाळीं तो पुन्हां आला, तर त्याला "वय" म्हणूं नका, डॉक्टरांस दाखवा. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.